सदसद्विवेकबुद्धीला स्मरून

कुंभकोणम् आणि पापनाशम् यांच्यामध्ये लोहमार्गावर सुंदरपेरुमाळ कोयिल नावाचे एक लहानसे स्थानक लागते. पेरुमाळ म्हणजे भगवान विष्णू आणि कोयिल म्हणजे देवालय. देवाच्या नावावरूनच गावाला नाव मिळाले. सभोवार कावेरीच्या पाण्यावर पोसलेली भातशेती आहे. मराठी वाचकाला हा प्रदेश अगदीच परका नाही. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजीराजांनी तंजावरास राज्य स्थापिले, तेव्हापासून या भागात मराठी कुटुंबे नांदत आली आहेत. राजा सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ साली कुंभकोणम् येथेच झाला.

भारताचा राष्ट्रपती निवडताना या गावातील सामान्य गृहस्थ मत देत नाही. वाचकांपैकीही बहुतेक कोणी देत नाही. राज्यघटनेने हा अधिकार संसदेच्या आणि विधानसभांच्या निवडून आलेल्या सदस्यांना दिला आहे. परंतु त्या मताचे वजन मात्र गृहस्थाच्याच डोक्यावरून मोजले जाते. २०२२ च्या निवडणुकीत तमिळनाडूच्या एका आमदाराच्या मताचे मूल्य १७६ होते, तर महाराष्ट्राच्या आमदाराचे १७५. हे आकडे कोठून आले? १९७१ च्या जनगणनेतील राज्याची लोकसंख्या विधानसभेच्या सदस्यसंख्येने भागून, आलेल्या संख्येला पुन्हा एक हजाराने भागले म्हणजे ते मिळतात. अर्थात तमिळनाडूचा आमदार मतपत्रिकेवर एखाद्या नावापुढे '१' हा अंक लिहितो तेव्हा त्या एका अंकात सुमारे पावणेदोन लाख माणसे उभी असतात. सुंदरपेरुमाळ कोयिलचा शेतकरी त्यांत आहे, देवळातला अर्चक आहे, आणि अद्याप बोलू न शकणारे पाळण्यातले मूलही आहे.

मग तो सदस्य हा अंक कोणाच्या नावापुढे लिहावयाचा हे कशावरून ठरवतो, आणि कशावरून ठरवणे योग्य आहे? हा प्रश्न राजकारणाचा दिसतो, पण मुळात तो धर्माचा आहे.

धर्मशास्त्राने व्यवहाराची अठरा पदे सांगितली. मनुस्मृतीत त्यांतील दुसरे पद निक्षेपाचे, म्हणजे ठेवीचे आहे. दुसऱ्याने विश्वासाने दिलेली वस्तू स्वतःच्या उपभोगासाठी वापरणे हा तेथे अपराध मानला आहे. मत ही अशीच ठेव होय, असे म्हणावेसे वाटते. परंतु दृष्टान्त पूर्ण जुळत नाही. मोहोरबंद ठेव जशीच्या तशी परत करावयाची असते. तिच्यात राखणाऱ्याच्या बुद्धीला काही काम नसते. राष्ट्रपतीच्या निवडणुकीत लोकांनी आमदाराला 'अमक्याला मत दे' असे सांगितलेले नसते. याहून जवळचा दृष्टान्त अज्ञान बालकाच्या धनाचा. बालक गुरुगृहाहून परत येईपर्यंत किंवा जाणता होईपर्यंत राजाने त्याचे धन सांभाळावे, असे त्याच स्मृतीत सांगितले आहे. असा पालक केवळ कुलूप राखीत नाही. शेत कसायला कोणाला द्यावे, कर्ज कोणाचे फेडावे, हे त्याला स्वतःच्या बुद्धीने ठरवावे लागते. बुद्धी त्याची आणि हित दुसऱ्याचे, अशी ही रचना आहे. म्हणून मतदाराने स्वतःच्या विवेकाने मत द्यावे यात वाद नाही. कशाला विवेक म्हणावे, येथेच खरी अडचण आहे.

ही अडचण भारतात एकदाच पूर्णपणे उघडी पडली, ती १९६९ साली. ३ मे रोजी राष्ट्रपती झाकिर हुसेन यांचे निधन झाले. उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी त्यांच्या जागी काम पाहू लागले. जुलैमध्ये बंगलोर येथे काँग्रेसच्या संसदीय मंडळाने बहुमताने नीलम संजीव रेड्डी यांचे नाव ठरविले. पंतप्रधान इंदिरा गांधींना हे नाव नको होते. तरीही रेड्डींच्या नामनिर्देशनपत्रावर त्यांनी सही केली. २० जुलैला गिरींनी राजीनामा दिला आणि ते स्वतंत्रपणे निवडणुकीस उभे राहिले. जनसंघ आणि स्वतंत्र पक्ष यांनी चिंतामणराव देशमुखांना उभे केले होते. काँग्रेसचे अध्यक्ष निजलिंगप्पा यांनी त्या पक्षांकडे रेड्डींसाठी दुसऱ्या पसंतीची मते मागितली. ही गोष्ट पंतप्रधानांच्या बाजूने आक्षेपार्ह ठरविली गेली आणि घोषणा झाली की, काँग्रेसच्या सदस्यांनी आपापल्या सदसद्विवेकबुद्धीला स्मरून मत द्यावे.

१६ ऑगस्टला मतदान झाले आणि २० ऑगस्टला निकाल लागला. पहिल्या पसंतीच्या मोजणीत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९ मते मिळाली. निवडून येण्यास ४,१८,१६९ मूल्याची मते हवी होती. कोणालाच तेवढी मिळाली नव्हती. मग दुसऱ्या व पुढच्या पसंतीची मते मोजली गेली आणि शेवटी गिरी ४,२०,०७७, रेड्डी ४,०५,४२७ असा हिशेब झाला. आवश्यक संख्येपेक्षा गिरींना १,९०८ अधिक मिळाली. त्या वेळी संसदेच्या एका सदस्याच्या मताचे मूल्य ५७६ होते. तीन-चार माणसांचा विवेक जरा निराळा बोलला असता तर त्या टप्प्यावर हा आकडा गाठला गेला नसता.

या प्रसंगाचा निवाडा करताना एका बाजूला सगळा धर्म आणि दुसऱ्या बाजूला सगळा अधर्म ठेवण्याचा मोह होतो. तो आवरणे बरे. रेड्डींच्या बाजूचे म्हणणे असे होते की, मंडळात बहुमताने ठरले, पंतप्रधानांनी सही केली, आता दिलेला शब्द मोडणे म्हणजे असत्य होय. हे म्हणणे हलके नाही. सत्याच्या व्रतावर ज्या देशात हरिश्चंद्राची कथा सांगितली जाते तेथे तर मुळीच नाही. गिरींच्या बाजूचे म्हणणे असे की, शब्द ज्या पक्षासाठी दिला तो पक्षच विरोधी पक्षांशी बोलणी करू लागला, तेव्हा शब्दाचे कारणच उरले नाही. हेही निव्वळ निमित्त म्हणून सोडून देता येत नाही. शिवाय त्या दिवसांत रेड्डींच्या खाजगी आयुष्याविषयी एक निनावी पत्रक खासदारांत फिरले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, राष्ट्रपती गिरी स्वतः साक्ष देण्यास न्यायालयात उपस्थित राहिले, आणि १९७० साली याचिका फेटाळली गेली. निवड कायद्याने शुद्ध ठरली. ज्या सदस्याने ते पत्रक वाचून आपला अंक बदलला असेल त्याचा विवेक शुद्ध होता की नाही, हे पाहण्याचे काम न्यायालयाचे नव्हते.

'माझे अंतःकरण मला सांगते' या वाक्याला शास्त्रात आधार आहे. धर्माची प्रमाणे सांगताना मनूने वेद, स्मृती आणि सदाचार यांच्यानंतर आत्म्याच्या संतोषालाही स्थान दिले आहे. पण ते स्थान चौथे आहे, आणि तो संतोष कोणाचा याविषयी भाष्यकार सावध आहेत. ज्याचे मन वेदाध्ययनाने व सदाचाराने घडले आहे त्याचाच संतोष प्रमाण, वाटेल त्याचा नव्हे. कुमारिलभट्टांसारख्या मीमांसकाने या संदर्भात तंत्रवार्तिकात चक्क कालिदासाचे वचन घेतले आहे. शाकुंतलाच्या पहिल्या अंकात दुष्यंत म्हणतो की, संशयाच्या जागी सज्जनांच्या अंतःकरणाची प्रवृत्ती हेच प्रमाण. हा श्लोक सुभाषित म्हणून सर्वत्र फिरतो. तो कोणत्या क्षणी उच्चारला गेला याचा मात्र विसर पडतो. झाडामागे लपून राजा एका आश्रमकन्येकडे पाहत आहे, तिची अभिलाषा त्याच्या मनात उत्पन्न झालेली आहे, आणि ती आपल्याला विवाहयोग्य आहे की नाही हा त्याचा संशय आहे. इच्छा आधी झाली आणि प्रमाण मागून आले! योगायोगाने त्याचे अनुमान खरे निघाले, म्हणून वचनाला प्रतिष्ठा मिळाली.

पाचव्या अंकात तोच राजा, तेच अंतःकरण. हंसपदिकेचे गाणे ऐकून त्याला कारण नसता हुरहूर लागते; आत काहीतरी हलते. थोड्याच वेळाने शकुंतला समोर उभी राहते आणि तो तिला झिडकारतो. शाप होता हे खरे. तरीही ती निघून गेल्यावर तो स्वतःच कबूल करतो की, लग्न आठवत नाही, पण हृदयाची व्यथा ती सांगते ते खरे असल्याची जणू खात्री पटवीत आहे. म्हणजे आवाज दोन्ही वेळा होता. जेव्हा तो इच्छेच्या बाजूने बोलत होता तेव्हा राजाला तो स्पष्ट ऐकू आला आणि त्याने त्याला प्रमाण म्हटले. जेव्हा तो सोयीच्या विरुद्ध बोलत होता तेव्हा तो नुसती हुरहूर ठरला. मतदाराच्या विवेकाची सगळी मीमांसा या दोन अंकांत आली आहे.

कौटिल्याने हीच गोष्ट अमात्यांच्या परीक्षेसाठी वापरली. धर्म, अर्थ, काम आणि भय अशा चार उपधांनी, म्हणजे चार प्रकारच्या गुप्त प्रलोभनांनी, त्याने त्यांची पारख करावयास सांगितली आहे. पैसा, मोह आणि भीती यांनी माणूस ढळतो हे कोणालाही समजते. पण कौटिल्य पहिला क्रमांक धर्माला देतो. पुरोहिताने रुसल्याचे सोंग करून अमात्याकडे निरोप पाठवावा की, हा राजा अधार्मिक आहे, दुसरा कोणी धार्मिक गादीवर बसवू या, सर्वांना हे पटले आहे, तुझे काय म्हणणे? लाच न घेणारा आणि तलवारीला न भिणारा माणूसही येथे घसरू शकतो, कारण येथे स्वतःच्या चांगुलपणाचेच आमिष आहे. १९६९ साली दोन्ही बाजूंनी सदस्यांपुढे जे ठेवले गेले त्यात या चारही उपधा थोड्याफार प्रमाणात होत्या. सर्वांत मोठ्याने मात्र पहिलीच बोलत होती.

आपला माणूस म्हणून मत देणे, हा आणखी एक मार्ग आहे. २००७ साली प्रतिभाताई पाटील उभ्या राहिल्या तेव्हा शिवसेना दुसऱ्या आघाडीत असूनही, मराठी व्यक्ती राष्ट्रपती होते आहे या कारणासाठी तिने त्यांना मते दिली. प्रतिभाताईंना ६,३८,११६ आणि भैरोसिंह शेखावतांना ३,३१,३०६ मते मिळाली. महाराष्ट्राला याचा आनंद झाला आणि तो स्वाभाविक होता. परंतु हे कारण सर्वत्र चालत नाही. २००२ साली रामेश्वरमचे अब्दुल कलाम आणि मद्रासमध्ये जन्मलेल्या लक्ष्मी सहगल समोरासमोर होत्या. तमिळ आमदाराने 'आपला' कोणाला म्हणावे? १९६९ मध्ये गिरी आणि रेड्डी दोघेही तेलुगू होते, आणि मराठी देशमुख तिसरे आले. गीतेच्या अठराव्या अध्यायात तामस ज्ञानाचे लक्षण सांगितले आहे की, ते एकाच अंशाला सर्वस्व मानून त्याला चिकटते आणि त्यासाठी कारणाची गरजही मानीत नाही. आपुलकी तामस नव्हे. आपुलकीपाशीच विचार थांबवणे तामस होय.

मग खरा विवेक ओळखावा कसा? येथे गीतेचीच दुसरी खूण उपयोगी पडते. सात्त्विक सुख आरंभी विषासारखे आणि परिणामी अमृतासारखे. राजस सुख याच्या उलट. आतला आवाज ऐकताच ज्याला पद, आश्रय किंवा विजयी बाजूची ऊब मिळते, त्याने त्या आवाजाविषयी थोडा संशय बाळगावा. ज्याला तो ऐकून काही सोडावे लागते, त्याच्या आवाजाला पुरावा मिळतो.

१९६९ मध्ये तिसरे आलेले चिंतामणराव देशमुख या बाबतीत आठवतात. रिझर्व्ह बँकेचे ते पहिले भारतीय गव्हर्नर, पुढे केंद्रात अर्थमंत्री. मेघदूत मराठी पद्यात आणणारे आणि गांधीजींची वचने संस्कृतात बांधणारे रसिक विद्वान. १९५६ साली मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी काढून केंद्राच्या ताब्यात ठेवण्याचे ठरले तेव्हा त्यांनी अर्थमंत्रिपद सोडले. त्यांनी गुप्त मतपत्रिकेची वाट पाहिली नाही. लोकसभेत उभे राहून, आपले मतभेद पंतप्रधानांच्या तोंडावर सांगून ते गेले.

सुंदरपेरुमाळ कोयिलनेही असाच एक माणूस पाहिला आहे. जी. के. मूपनार यांचा जन्म १९ ऑगस्ट १९३१ रोजी या गावी झाला. घर मोठ्या जमीनदारांचे. स्वतः कामराजांचे अनुयायी. तिरुवैयारूच्या त्यागराज आराधनेची धुरा त्यांनी अनेक वर्षे वाहिली. १९६९ च्या बंगलोर बैठकीत कामराज आणि यशवंतराव चव्हाण या दोघांनीही रेड्डींच्या बाजूने मत दिले होते. नोव्हेंबरात पक्ष फुटला तेव्हा कामराज एका काँग्रेसमध्ये राहिले आणि चव्हाण दुसऱ्या. दोघांपैकी विवेक कोणाजवळ होता, हा वाद तमिळ आणि मराठी घरांत किती काळ चालला असेल! मूपनार कामराजांच्या पश्चात इंदिरा गांधींच्या काँग्रेसमध्ये आले आणि तेथे अखिल भारतीय पदापर्यंत चढले. १९९६ साली पक्षाने तमिळनाडूत अण्णा द्रमुकशी युती करण्याचे ठरविले. ती त्यांना मान्य नव्हती. आत राहून गुपचूप विरोध करण्याचा मार्ग त्यांनी घेतला नाही. ते बाहेर पडले, तमिळ मानिल काँग्रेस स्थापन केली आणि थेट मतदारांपुढे गेले. लोकसभेच्या २० जागा त्यांच्या पक्षाला मिळाल्या. यशाने ही कसोटी थोडी बोथट होते, हे खरे. द्रमुकशी जागांचा हिशेब त्यांनीही केला होता. परंतु निघताना निकाल हाती नव्हता, आणि ज्यांचे हित सांभाळावयाचे त्यांच्यापुढे त्यांनी आपले कारण उघडपणे मांडले होते. पुढच्याच वर्षी, एप्रिल १९९७ मध्ये, पंतप्रधानपदासाठी त्यांचे नाव घेतले गेले. थोड्या नेत्यांच्या बंद खोलीतील त्या निवडीत ते मागे पडले आणि इंद्रकुमार गुजराल पंतप्रधान झाले.

येथे कोणी म्हणेल की, उघडपणाची ही अपेक्षाच चुकीची आहे. घटनेनेच राष्ट्रपतीची निवडणूक गुप्त ठेवली आहे, आणि पक्षाला आदेश काढून सदस्याचे मत बांधता येत नाही. ही शंका योग्य आहे. गुप्तता दुबळ्याला बलवानापासून वाचवते. ती नसती तर विवेकाला बोलावयास जागाच राहिली नसती. तिला हात लावू नये. पण बलवानापासून लपणे निराळे आणि ज्याचे धन राखावयाचे त्याच्यापासून लपणे निराळे. एकाच पडद्याने दोन्ही होते, यास घटनाकारांचा इलाज नव्हता. जी व्यवस्था कायदा लावू शकत नाही ती माणसाने स्वतःवर लावून घ्यावयाची असते.

चोळांच्या काळी हिशेबाविषयी लोक फार कडक होते. कांचीपुरम्जवळ उत्तरमेरूर येथील वैकुंठ पेरुमाळच्या देवळाच्या भिंतींवर पहिल्या परांतक चोळाच्या काळचे, इसवी सन ९१९ आणि ९२१ चे, लेख आहेत. ग्रामसभेच्या समित्यांवर माणसे कशी निवडावी हे त्यांत कोरले आहे. स्वतःचे घर, करपात्र जमीन, वेदांचे अध्ययन आणि पस्तीस ते सत्तर वर्षे वय अशी पात्रता. राष्ट्रपतीसाठीही आजच्या घटनेत किमान वय पस्तीसच आहे, हा गमतीचा योग. नावे ताडपत्रांच्या तुकड्यांवर लिहून घड्यात टाकीत आणि एका बालकाकडून चिठ्ठी काढवीत. कोणता उमेदवार श्रेष्ठ, हा प्रश्न तेथे मनुष्याला विचारलाच जात नसे. मनुष्याने विचार करावयाचा तो घड्यात कोणाचे नाव पडू द्यावयाचे नाही याचा. आणि त्यात एक कलम असे की, पूर्वी समितीवर असून ज्याने हिशेब दिला नाही तो बाद, आणि त्याचे जवळचे नातेवाईकही बाद. उमेदवाराच्या गुणांविषयी हजार वर्षांपूर्वीची माणसे एवढी निश्चिंत आणि हिशेबाविषयी एवढी सावध का होती, याचा विचार आजच्या मतदाराने अवश्य करावा.

सुंदरपेरुमाळ कोयिलच्या गृहस्थाला आपल्या आमदाराने '१' कोठे लिहिला हे विचारता येणार नाही आणि त्याने ते विचारूही नये. पण तो गावी मते मागावयास येईल तेव्हा, ते नाव निवडताना कशाचा विचार केला, एवढे विचारण्यास कोणतीही गुप्तता आड येत नाही. उत्तर देताना त्याचा आवाज कसा निघतो ते गृहस्थाला कळेल. घरात मुलांची नि भावांची उत्तरे ऐकून त्याचा कान तयार झालेलाच असतो.

१९७७ साली राष्ट्रपतिपदासाठी पुन्हा निवडणूक जाहीर झाली. ३७ जणांनी अर्ज भरले आणि छाननीत ३६ अर्ज बाद झाले. उरलेला एक अर्ज नीलम संजीव रेड्डी यांचा होता. ते बिनविरोध निवडून आले. त्या वर्षी कोणालाही सदसद्विवेकबुद्धीला स्मरावे लागले नाही.